जर्मनीत ट्रेन चालवायला शिकायचंय? आधी डोळे तपासून घ्या

जर्मन भाषेच्या क्लासची फी भरायच्या आधी एक काम करा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रंगांची टेस्ट करून घ्या, ती ठिपक्या-ठिपक्यांमधे आकडे ओळखायची असते ना, ती. माझ्याबरोबर क्लासला एक मुलगा होता, भाषेत माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, बी वन ही जर्मनच्या तिसऱ्या पातळीची परीक्षा पहिल्या फटक्यात पास, कंपनीचा होकारही आला आणि मग मेडिकलला कळलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. झालं, विषय संपला. चष्मा चालतो, मलाही आहे, पण रंग दिसायलाच हवेत. त्याची दीड वर्षं गेली, एका टेस्टने वाचली असती.

मी सध्या ट्रेन ड्रायव्हरच्या आउसबिल्डुंगच्या, म्हणजे काम करत शिकायच्या ट्रेनिंगच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. हे कॉलेज नाही, कंपनीबरोबर ३ वर्षांचा करार असतो, काही आठवडे बेरूफशूले म्हणजे शाळा आणि बाकीचा वेळ डेपोत नाहीतर गाडीवर, शेवटी आयएचके म्हणजे तिथल्या उद्योग-व्यापार मंडळाची परीक्षा. फी नसते, उलट दर महिन्याला पगार मिळतो. त्यामुळे "सीट बुक करायला" कोणी लाखो रुपये मागत असेल तर चहा पिऊन उठून या. जागा कंपन्यांच्या साइटवर आणि सरकारी रोजगार खात्याच्या पोर्टलवर फुकट दिसतात. आउसबिल्डुंग बहुतेक ऑगस्ट नाहीतर सप्टेंबरला सुरू होतं, म्हणून अर्ज जवळजवळ वर्षभर आधी टाकायचे, कारण व्हिसालाही महिने जातात.

व्हिसासाठी साधारण बी वन लागतं, बऱ्याच कंपन्या त्याच्या वरची पातळी, बी टू मागतात. मला आधी वाटायचं की ट्रेन तर चालवायचीय, भाषा कशाला एवढी? इथेच मी सपशेल चुकले होते. ड्रायव्हर केबिनमधे एकटा असतो हे खरं, पण रेडिओवर दुसऱ्या टोकाला फारडीन्स्टलायटर असतो, म्हणजे सिग्नल आणि रूट सांभाळणारा माणूस, आणि काही बिघडलं की तो तुम्हाला बेफेल सांगतो. बेफेल म्हणजे लेखी हुकूम, पण तो रेडिओवर तोंडी येतो, तुम्ही फॉर्मवर लिहून घ्यायचा आणि परत शब्दन् शब्द वाचून दाखवायचा. किलोमीटर, स्पीड, सिग्नलचा नंबर, एक आकडा चुकला तर काय होईल ते सांगायला नको. त्यात इंजिनाचा आवाज, समोरच्याचा बायरिश नाहीतर झॅक्सिश हेल, आणि क्लासमधल्या ऑडिओसारखं दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत (म्हणजे विचारलं तर सांगतात, विचारायला लाजू नका, न विचारणारेच धोकादायक असतात असं आमचे सर म्हणतात).

आकड्यांचं तर वेगळंच. सगळे म्हणतात जर्मन आकडे उलटे, सत्तेचाळीसला सीबेन-उंड-फिर्त्सिष, म्हणजे सात आणि चाळीस. अहो पण सत्तेचाळीस तरी वेगळं काय आहे? आपण पण सात आधी आणि चाळीस नंतरच म्हणतो की! माझा घोळ असा व्हायचा की फोन नंबर वगैरे सगळं इंग्रजीत ऐकायची सवय, मग डोक्यात इंग्रजीतून फिरवून फिरवून ४७ चे ७४ व्हायचे. ज्या दिवशी मराठीत ऐकायला लागले त्या दिवसापासून निम्म्या चुका बंद. फक्त नऊवाले आकडे दगा देतात, एकोणचाळीस म्हणताना चार कानावर येतो आणि जर्मनमधे तिथे तीस असतं. आणि हो, रेडिओवर दोनला त्स्वाय न म्हणता त्स्वो म्हणतात, द्रायशी गोंधळ होऊ नये म्हणून, हे क्लासमधे कोणी सांगत नाही.

आता गाडीबद्दल. पायाखाली झिफाचा पेडल असतो, तो दाबून धरायचा आणि ३० सेकंदांच्या आत एकदा उचलून परत दाबायचा, नाही उचलला तर आधी दिवा, मग भोंगा, मग गाडी आपोआप ब्रेक लावते. ड्रायव्हर शुद्धीवर आहे ना, एवढंच तिला कळायला हवं असतं. पहिले काही आठवडे मी जेवताना टेबलाखाली पाय उचलत होते.

दुसरी सिस्टीम पीझेडबी, ड्रायव्हर सिग्नल पाळतोय ना हे बघणारी, तिच्यासाठी रुळाशेजारी मॅग्नेट असतात. मुख्य सिग्नलच्या साधारण १००० मीटर आधी एक आगाऊ सूचना देणारा सिग्नल येतो, कारण भरलेली मालगाडी काही सायकलसारखी थांबत नाही. तिथे "पुढे थांबायचंय" असं असेल तर ४ सेकंदांच्या आत वाखझाम, म्हणजे "मी बघितलंय" हे बटण दाबायचं. सिम्युलेटरवर मी बटण दाबलं आणि मनातल्या मनात खूश झाले, पण बटण दाबल्यावर वेगही कमी करत न्यायचा असतो, आमच्या गाडीला २३ सेकंदांत ८५ च्या खाली. मी बसले सिग्नल शोधत. धाडकन इमर्जन्सी ब्रेक. त्याहून वाईट म्हणजे अशा वेळी लगेच रेडिओवर कळवायचं असतं आणि मला एक जर्मन वाक्य आठवेना, "हालो, इश... इश..." (हॅलो, मी... मी...) एवढंच, सर पलीकडे फारडीन्स्टलायटर बनून शांतपणे वाट बघतायत. त्या रात्री मी ठरावीक वाक्यं वहीत लिहून पाठ केली, पाढे करतात तशी. तुम्ही येतानाच करून या.

केबिन म्हणजे सगळं काम असंही समजू नका. डबे जोडायलाही शिकवतात, अजूनही हातानेच, वाकून बफरखालून दोन डब्यांच्या मधे शिरायचं, जड कपलिंग आकड्यात अडकवायचं, आवळायचं, मग हवेचे पाइप. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आत शिरायचं नाही, यात कसलीही सूट नाही. मुलींनो, वेणी आत खोचा, सुटी ओढणी-स्कार्फ काही नको.

एक विषय कोणी काढत नाही. कधीतरी कोणी रुळावर येतं आणि गाडी थांबू शकत नाही. ट्रेनिंगमधे याबद्दल उघड बोलतात, तसं झालं तर पुढे काय, मदत कोण करतं, त्या गाडीवर तुम्हाला पुढे बसवत नाहीत, सगळं. मी घरी हे अजून नीट सांगितलेलं नाहीये. पण सही करायच्या आधी तुम्ही स्वतःशी बोलून घ्या.

पैशांचं पटकन सांगते. मोठ्या रेल्वे कंपन्यांमधे पहिल्या वर्षी ग्रॉस हजार युरोच्या वर मिळतात, त्यातला पाचवा हिस्सा साधारण विम्या-पेन्शनला कापला जातो, उरलेल्यात खोलीचं भाडं हाच मोठा घास. टीव्ही नसला तरी घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचे भरावे लागतात, पत्र आलं की फ्रॉड समजून फेकू नका, मी फेकलं होतं. पहिले १ ते ४ महिने प्रोबेत्साइट म्हणजे प्रोबेशन असतं, त्यात दोन्ही बाजू लगेच करार मोडू शकतात, तेव्हा उशिरा पोचायचं नाही. दर आठवड्याचं कामाचं टिपण लिहायचं असतं, ते अपुरं असेल तर परीक्षेला बसता येत नाही, आमच्यातल्या एकाने चार महिन्यांचं एका रात्रीत लिहिलं, सरांना शाईवरून कळलं.

मार्क इथे उलटे असतात, १ सगळ्यात चांगला आणि ६ सगळ्यात वाईट. मी पहिल्या पेपरला २ मिळाले असं आनंदाने सांगितलं तर आईने फोनवर विचारलं, कितीपैकी?

शिफ्ट ३:४८ ला सुरू होते, पहाटे, अगदी मिनिटासकट. त्या वेळी डेपोपर्यंत न्यायला ना बस ना ट्रेन, आपणच तर पहिली ट्रेन काढणार असतो. म्हणून खोली स्वस्त बघण्यापेक्षा डेपोजवळ बघा. मी पहिले दोन महिने जमिनीवर गादी टाकून झोपले पण सायकल पहिल्याच आठवड्यात घेतली, सेकंडहँड, दिवा पुढे-मागे दोन्हीकडे चालू असलेली.