अर्धपारदर्शक सौर काच : निवड आणि बसवणी

इमारतीच्या खिडक्यांना अर्धपारदर्शक सौर काच लावण्याचा विचार असेल, तर वीज किती मिळेल हा पहिला प्रश्न नव्हे. छतावर मोकळी जागा आहे तोवर तेवढ्याच खर्चात तिथली पॅनेल्स अधिक वीज देतात. सौर काच खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती जिथे मोठी काच बसवायचीच आहे आणि तिच्यातून येणारे ऊनही अडवायचे आहे, अशा भिंतीवर.

म्हणून सुरुवात दिशेपासून करावी. नागपुरात मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या उभ्या काचेवर तेव्हा दुपारी थेट ऊन जवळजवळ पडत नाही. डिसेंबरात मात्र तो क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असल्याने तीच काच चांगली तापते. पश्चिमेची काच उन्हाळ्यात नेमकी एसीवर ताण असतो त्या वेळी ऊन झेलते. माझ्या मते विदर्भातील कार्यालयासाठी पहिला विचार पश्चिमेचा व्हावा. समोरची झाडे, शेजारची इमारत आणि वरचा छज्जा यांची सावली निरनिराळ्या वेळी पाहून ठेवावी, कारण काचेतले वीज तयार करणारे सेल एकसर (एकामागोमाग एक) जोडणीत असल्याने एका कोपऱ्यातली सावलीही संपूर्ण काचेचे उत्पादन खाली आणते.

आता काचेचा प्रकार. एका प्रकारात स्फटिकी सिलिकॉनचे सेल दोन काचांमध्ये अंतर सोडून बसवलेले असतात, आणि खोलीत चौकोनी सावल्या पडतात. दुसऱ्यात पातळ थराच्या सौर पदार्थावर लेझरने बारीक रेघा कोरून प्रकाशाला वाट दिलेली असते. दृश्य एकसारखे राहते, पण कार्यक्षमता कमी असते. हिशेब सोपा आहे : २० टक्के कार्यक्षमतेच्या सेलांनी अर्धी काच व्यापली, तर संपूर्ण काचेची कार्यक्षमता फार तर १० टक्के. म्हणजे १० चौरस मीटर काचेची प्रमाण चाचणीतील क्षमता १ किलोवॉट, आणि उभ्या भिंतीवर प्रत्यक्षात त्याहून कमी. प्रकाश वाढवला की वीज घटते. आणि प्रकाश इतका कमी केला की दिवसाही दिवे लावावे लागले, तर मिळालेली वीज तिथेच खर्ची पडते.

विक्रेत्याकडून वॅटच्या आकड्याबरोबर दृश्य प्रकाशाचे पारगमन, एसएचजीसी आणि यू-व्हॅल्यू लेखी मागावी. पारगमन म्हणजे काचेवर पडलेल्या उजेडापैकी, आणि एसएचजीसी म्हणजे सौर उष्णतेपैकी, किती भाग आत येतो याचे प्रमाण; यू-व्हॅल्यू म्हणजे आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकामुळे काचेतून किती उष्णता वाहते याचे माप. व्यावसायिक इमारतींच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन संहितेत पारगमन किमान ०.२७, तर नागपूरसारख्या हवामानात उत्तरेखेरीज इतर दिशांना एसएचजीसी कमाल ०.२७ सांगितला आहे. सेल ऊन शोषतात आणि स्वतः तापतात. एकेरी काच ती उष्णता खोलीत सोडते. त्यामुळे दुहेरी काच घ्यावी आणि सौर थर बाहेरच्या तावदानात ठेवावा. सेलखालचा भाग तापलेला आणि चौकटीत दडलेली कड थंड, अशा फरकाने साधी काच तडकू शकते. टफन्ड किंवा हीट-स्ट्रेन्ग्थन्ड (तापवून मजबूत केलेली) काचच लॅमिनेट करून घ्यावी.

जोडणीच्या वायरी चौकटीच्या पोकळीतून नेताना पावसाचे पाणी बाहेर पडण्याची छिद्रे बुजू देऊ नयेत, आणि जंक्शन बॉक्स पुढे उघडता येईल अशा जागीच ठेवावा. काचेवर ऊन असेपर्यंत वायरीत विद्युतदाब असतो, म्हणून हे काम डीसी जोडणी जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे. बीडिंग (काच चौकटीत धरणारी पट्टी) पक्के करण्यापूर्वी प्रत्येक काचेचे ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे वायरी कशालाही न जोडता मिळणारा विद्युतदाब, मोजून त्या खिडकीच्या क्रमांकासह नोंदवावे. पुढे उत्पादन घटले, तर बिघडलेली काच याच नोंदीवरून शोधता येते.