पॅरोनेला पार्कला जाताय? दुपारी पोचा, मुक्काम करा

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहराहून सकाळी निघायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी हॉटेलवर परत, अशी पॅरोनेला पार्कची, म्हणजे धबधब्याकाठच्या पडक्या किल्ल्याची आणि बागेची, सहल बरेच जण उरकतात. माझं ऐकाल तर तसं करू नका. दुपारी पोचा आणि रात्र तिथेच काढा.

केर्न्सपासून दक्षिणेला साधारण १२० किलोमीटर. इनिसफेल गाव ओलांडलं की मीना क्रीक. गाडी भाड्याने घ्या. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, त्यामुळे जड जात नाही. जंगलपट्ट्यात मात्र वेग आवरा. कॅसोवरी हा माणसाएवढा पक्षी बिनधास्त रस्त्यात येतो.

किल्ला म्हटल्यावर बुरूज, दारूकोठार शोधत बसाल तर निराशा होईल. स्पेनमधल्या कॅटलोनियाहून १९१३ साली आलेल्या होसे पॅरोनेलाने आधी ऊस तोडला, मग उसाची शेतं घेऊन-विकून पैसा केला. १९२९ मध्ये धबधब्याकाठची १३ एकर जागा घेतली, तिथे हा किल्ला बांधला आणि १९३५ मध्ये लोकांसाठी खुला केला. लढाईशी संबंध शून्य. लोकांनी यावं, सिनेमा बघावा, नाचावं, चहा प्यावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप!

गाइडबरोबरची फेरी आधी घ्या, एकट्याने भटकणं नंतर. माझी नोकरी बांधकामांवर देखरेख करण्यात गेली, म्हणून एक सांगते: भिंती जवळून बघा. गिलावा हाताने थापलाय, बोटांचे ठसे अजून दिसतात. काँक्रीटच्या पोटात सळया म्हणून रेल्वेचे जुने रूळ घातलेत. आता या हवेत लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि वरचं काँक्रीट फोडतं. त्यात १९४६ चा पूर, १९७९ ची आग आणि वादळं. तेव्हा दोरी लावलेल्या जागी फोटोसाठी घुसू नका, कठड्यांवर रेलू नका.

मोठ्या जिन्याला ४७ पायऱ्या आहेत. ओढ्यातली वाळू वर आणायची सोय म्हणून तो सगळ्यात आधी बांधला. शेवाळामुळे निसरडा होतो, म्हणून पकड असलेले बूटच घाला; चपला नकोत. गुडघे कुरकुरत असतील तर उतरण्याआधीच लक्षात ठेवा, परत चढायचंही आहे. आमचे हे निम्म्यावरच बसले, पण धबधबा तिथूनही झकास दिसतो. खाली कौरी वृक्षांची रांग आहे, १९३३ मध्ये लावलेली. मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. बोगद्यात वटवाघळं राहतात, आत टॉर्च मारू नका.

मुक्काम कशासाठी, तर रात्रीच्या फेरीसाठी. होसेने १९३३ मध्ये याच धबधब्यावर वीज केली होती. ते जलविद्युत केंद्र २००९ मध्ये पुन्हा सुरू झालं. अंधारात पाण्यावर आणि पडक्या भिंतींवर दिवे लागतात, तेव्हा दुपारी पाहिलेली भेग न् भेग वेगळीच दिसते. तिकीट काढतानाच त्यात रात्रीची फेरी आणि तंबूची जागा धरली आहे का ते विचारून घ्या.

मे ते ऑक्टोबर बरा काळ. डिसेंबर ते मार्च पाऊस कोसळतो; धबधबा दणदणीत, पण वाटा बंद असू शकतात. कोरड्या दिवसांतही सर येतेच. डासांचं मलम, रेनकोट आणि एक मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवा, कारण सकाळी तंबू बहुधा ओलाच गुंडाळावा लागतो.