रॉम उतरवण्यापूर्वी फोनचे सांकेतिक नाव तपासा

पुण्यातील तापकीर गल्लीतून जुना फोन स्वस्तात घेऊन त्यावर लिनेजओएससारखी पर्यायी कार्यप्रणाली बसवण्याचा विचार असेल, तर खोक्यावरच्या नावावर विसंबून तिची फाइल, म्हणजेच रॉम, उतरवू नये. रेडमी नोट ७ आणि रेडमी नोट ७ प्रो ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटली, तरी पहिल्यात स्नॅपड्रॅगन ६६० आणि दुसऱ्यात ६७५ हा प्रोसेसर असून त्यांची सांकेतिक नावे, म्हणजे त्या-त्या मॉडेलची अंतर्गत ओळख, अनुक्रमे ‘लॅव्हेंडर’ आणि ‘व्हायोलेट’ अशी वेगळी आहेत. त्यामुळे एकाची रॉम दुसऱ्यासाठी निरुपयोगी ठरते. चुकीची फाइल रिकव्हरी (फोनमधील, रॉम बसवण्यासाठीची वेगळी प्रणाली) बहुधा नाकारतेच, पण ती तपासणी काढून टाकून पुढे रेटणारे महाभागही असतात आणि मग त्यांच्या हाती फोनऐवजी पेपरवेट उरतो.

खरेदीच्या वेळीच, दुकानदारासमोर, सेटिंग्जमधील ‘बिल्ड नंबर’ सात वेळा दाबून डेव्हलपर ऑप्शन्स हा लपलेला विभाग उघडावा आणि ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय खरोखर चालू होतो का ते पाहावे, कारण बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कार्यप्रणाली चालू करणारा प्रोग्राम, कुलूपबंद असतो; त्याचे कुलूप उघडू देणारा हा पर्याय असून तोच उघडला नाही तर पुढची सारी खटपट व्यर्थ जाते. (तो पर्याय चालू झाला म्हणजे सगळे जमले, असेही नाही; काही कंपन्या त्यापुढेही परवानगी मागतात.) बूटलोडर उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, म्हणून फोटो आणि संपर्क आधी संगणकावर घ्यावेत. शिवाय काही बँकांची ॲप्स अशा फोनवर चालत नाहीत. दूधवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळे पैसे यूपीआयने देणाऱ्याने हा प्रयोग दुसऱ्या फोनवरच करावा.