‘हो दादा, येतो’ म्हणण्याआधी

पुण्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत पाऊस सुरू झाला की सगळेच एकदम बोलावतात. ढोल पथकाचा सराव, पुरुषोत्तम करंडक या नाट्यस्पर्धेची एकांकिका, बाहा (गाडी बनवायची स्पर्धा) नाहीतर रोबोकॉनची (रोबो बनवायची स्पर्धा) टीम, वर फेस्टची स्पॉन्सरशिप. प्रत्येक सीनिअर म्हणतो, ‘रोजचे दोनच तास रे.’ ते खोटं नसतं, अर्धवट असतं. पुरुषोत्तमची प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टात भरत नाट्य मंदिरात होते आणि त्याआधीच्या आठवड्यात तालीम संपेल तेव्हा संपते. गणपती जवळ आले की पथकाचंही तेच. त्यामुळे ‘रोज किती वेळ’ हा प्रश्नच कुचकामी. विचारायचं ते हे: शेवटच्या दोन आठवड्यांत किती वेळ जातो, मोकळं कुठल्या तारखेला होता येतं, आणि मी एक दिवस आलो नाही तर कोणाचं अडतं?

मग हजेरीचा हिशेब. आठवड्याला 3 लेक्चर्स असलेल्या विषयाची 14 आठवड्यांत 42 होतात. 75 टक्क्यांची अट धरली तर 10 बुडवता येतात, त्यातच ताप, गावची लग्नं आणि बंद पडलेली बस. प्रॅक्टिकलचं गणित याहून कडक: सत्रात 12 असतील तर बुडवायला फक्त 3. शिवाय बुडालेल्या प्रॅक्टिकलवर सही मिळत नाही आणि सबमिशनच्या आठवड्यात अर्धी कोरी फाइल घेऊन लॅबबाहेर उभं राहावं लागतं. सत्राला एकच मोठी जबाबदारी घ्यावी. दोन घेणारे बहुतेक वेळा दोन्हीकडे उशिरा पोचतात आणि दोन्हीकडच्या शिव्या खातात.

नकार देताना मुलं हमखास अडकतात ती ‘बघतो’, ‘ट्राय करतो’ म्हणून. समोरचा ते ‘हो’च धरतो आणि यादीत नाव घालतो. कारण देतानाही जपून. ‘क्लास असतो’ म्हटलं की ‘मग क्लासनंतर ये’ असं उत्तर तयार असतं. त्यापेक्षा त्याच दिवशी, शक्यतो समोर जाऊन सांगावं: ‘दादा, विचारलंस ते बरं वाटलं, पण या सेमला मी एकांकिकेत आहे, पथकात येणार नाही.’ पुढे शांत बसायचं. आग्रह झाला तर तेच वाक्य पुन्हा, नवं कारण जोडायचं नाही. मदत करायचीच असेल तर तुकडा ठरवून द्यावा: ‘पोस्टर 12 तारखेपर्यंत करून देतो, मीटिंगला येणार नाही.’ तारीख न घातलेलं छोटं काम फेस्ट संपेपर्यंत संपत नाही.

हो म्हणून बसला असाल तर ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडू नका. आधी टीम लीडला फोन करा. मग अर्धवट कामांची यादी, स्पॉन्सर्सचे नंबर, खर्चाच्या पावत्या आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड एकाच मेसेजमध्ये द्या. हे प्रयोगाच्या किंवा इव्हेंटच्या तीन आठवडे आधी झालं तर दुसरं माणूस मिळतं. चार दिवस उरले असतील तर मात्र निभावूनच न्या.