पसंतीक्रमाचं मतदान: या चुका टाळा

विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली की ठाण्यातले ओळखीचे फोन करून विचारतात, आणि तरी मतपत्रिकेवर बरोबरची खूण करून येतात. उमेदवारांपुढे १, २, ३ अशी पसंती आकड्यातच लिहायची. अक्षरात ‘एक’ लिहिलं की मत बाद. पेनही केंद्रावर दिलेलंच वापरा.

दुसरी पसंती दिली तर आपल्याच उमेदवाराचं नुकसान, हा दुसरा हट्टी गैरसमज. जागा एकच असेल तर तुमचा उमेदवार बाद होईपर्यंत ती पसंती कोणी बघतही नाही. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक घ्या. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, ४,१८,१६९ चा; तिथे कोणीच पोचलं नाही. सगळ्यात कमी मतांचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले तशा त्यांच्या मतांवरच्या पुढच्या पसंती मोजल्या आणि गिरी ४,२०,०७७ वर निवडून आले. फक्त १ लिहून घाईने बाहेर पडणाऱ्याचा उमेदवार बाद झाला, तर त्याचं मत अशा शेवटच्या लढतीत नसतंच.

पसंतीला ३-२-१ गुण देऊन बेरीज करू नका. ती वेगळीच पद्धत आहे.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. घणसोलीतल्या आमच्या सोसायटीत ६४ फ्लॅट. फंड एकाच कामाला पुरणार होता, म्हणून मीच पसंतीक्रम सुचवला. सोलरला २५, नव्या लिफ्टला २२, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला १७. वॉटरप्रूफिंग बाद. त्यातली १२ मतं लिफ्टकडे, ५ सोलरकडे. लिफ्ट ३४-३० ने जिंकली, टाळ्या झाल्या. जुलैत वरच्या मजल्यावर बादल्या लागल्या तेव्हा मी चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. सोलरवाल्या २० जणांची आणि लिफ्टवाल्या १८ जणांची दुसरी पसंती वॉटरप्रूफिंगच होती! समोरासमोर ते लिफ्टला ३७-२७ आणि सोलरला ३५-२९ ने हरवत होतं. सगळ्यांना चालणारा पर्याय पहिल्या फेरीतच गेला.

हा पद्धतीतला खरा दोष आहे. अमेरिकेत बर्लिंग्टनच्या २००९ च्या महापौर निवडणुकीत मॉन्ट्रोल असेच बाहेर पडले, २०२२ मध्ये अलास्कात संसदेच्या पोटनिवडणुकीत बेगिच. तरीही ‘ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला’ या साध्या पद्धतीपेक्षा मला हीच पद्धत बरी वाटते, कारण तिथे २५ मतांवर सोलर आलं असतं आणि दुसरी पसंती कागदावर उरलीच नसती.

मी आता निकाल सांगण्याआधी चौकटीच्या वहीत पर्यायांची प्रत्येक जोडी समोरासमोर मोजतो. सभा वीस मिनिटं लांबते. लोक चुळबुळ करतात, करू देतो.