कॅपॅसिटर चार्ज होताना मीटरवर कसा पाहावा

कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, चार्ज होतानाचा आधी झटकन चढणारा आणि मग रेंगाळणारा तो पुस्तकातला आलेख घरच्या टेबलावर दोन मिनिटांत पाहता येतो. फक्त सगळा प्रकार डोळ्यांना दिसेल इतका सावकाश व्हायला हवा, आणि ते भाग कोणते निवडता यावर आहे.

९ व्होल्टची बॅटरी, २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर, १० किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, नारिंगी पट्टे), १ किलोओहमचा आणखी एक, ब्रेडबोर्ड आणि डिजिटल मल्टिमीटर एवढं पुरे. रेझिस्टर आणखी मोठा घेतला तर वेळ जास्त मिळतो खरा, पण स्वस्त मीटर स्वतःच थोडा करंट ओढतं आणि आकडे खाली येतात. म्हणून १० किलोच बरा.

१. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून आधी बॅटरी मोजा. नवी बॅटरी ९ च्या थोडी वरच दाखवते.

२. बॅटरीच्या प्लसपासून रेझिस्टर, त्यापुढे कॅपॅसिटरची प्लस बाजू, आणि त्याची मायनस बाजू बॅटरीच्या मायनसला. कॅपॅसिटरच्या अंगावर पट्टा असतो ती मायनस. इथे घाई नको, उलटा जोडलेला इलेक्ट्रोलायटिक तापतो, कधी फुटतोही. बॅटरीची प्लस वायर सध्या मोकळीच ठेवा.

३. १ किलोओहमचा रेझिस्टर कॅपॅसिटरच्या दोन पायांना पंधरा सेकंद टेकवा. मीटर कॅपॅसिटरवर लावून पाहा, शून्याजवळ आलं की हा रेझिस्टर काढून घ्या.

४. मीटरच्या प्रोब कॅपॅसिटरवर लावा, मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ सुरू करा आणि प्लस वायर जोडा. आकडे कागदावर उतरवत बसण्यापेक्षा व्हिडिओ नंतर थांबवून पाहणं सोपं.

बॅटरी बरोबर ९ व्होल्टची धरली तर साधारण २२ सेकंदांनी ५.७ व्होल्ट दिसतील, ४४ सेकंदांनी ७.८, ६६ सेकंदांनी ८.५५. ओहम गुणिले फॅरड, म्हणजे १०,००० × ०.००२२ = २२ सेकंद. हा टाइम कॉन्स्टंट. तेवढ्या वेळात कॅपॅसिटर ६३ टक्के भरतो, पुढच्या २२ सेकंदांत उरलेल्याच्या ६३ टक्के, असं चालू राहतं. पाच वेळा झालं की भरला म्हणायला हरकत नाही.

पण वेग का मंदावतो? कॅपॅसिटर रिकामा करून पुन्हा जोडा, या वेळी मीटर रेझिस्टरवर लावा. सुरुवातीला पूर्ण ९ व्होल्ट, म्हणजे ०.९ मिलिअँपिअर. कॅपॅसिटरवर ५.७ चढले की रेझिस्टरच्या वाट्याला ३.३ उरतात आणि करंट ०.३३ वर येतो. कॅपॅसिटर जितका भरतो तितका तो स्वतःच पुढचा करंट कमी करतो.

तुमचे २२ सेकंद जुळणार नाहीत, याची शक्यता दाट. इलेक्ट्रोलायटिकमध्ये २० टक्के इकडेतिकडे चालतं. बॅटरीच्या मोजलेल्या व्होल्टेजच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचायला लागलेल्या सेकंदांना १०,००० ने भागा, उत्तर फॅरडमध्ये येतं. २५ सेकंद लागले असतील तर तुमचा कॅपॅसिटर प्रत्यक्षात ०.००२५ फॅरड, म्हणजे २५०० मायक्रोफॅरडच्या आसपास आहे.