काम करून आणलं आणि ब्रेक धरायला लागले: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधाल

पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतल्यावर तिसऱ्याच दिवशी मी ताम्हिणी घाट उतरत होतो. विळ्याच्या अलीकडे करपल्यासारखा वास आला. वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. ट्रक मागे पडला तरी वास सोबतच. बाजूला थांबून पाहिलं तर उजव्या चाकाची रिम गरम होती, पण हात टेकवण्याइतपत. डावीच्या जवळही हात नेववेना. तासभर थांबलो, चाक निवलं, गाडी सुरळीत चालायला लागली. पुण्यात गॅरेजवाल्याने जॅक लावला आणि चाक गरागरा फिरवून दाखवलं. "बघा साहेब, फ्री आहे. नवीन पॅड आहेत, थोडा वास येणारच."

चाक फ्री होतंच, कारण ते थंड होतं. ही या दुखण्याची खोड आहे. तापलेला ब्रेक धरतो, म्हणजे पेडल सोडलं तरी चाकाला चिकटून राहतो, निवला की साळसूद. त्यामुळे गाडी सकाळी गॅरेजात सोडून ऑफिसला गेलात तर दोष सापडणार नाही. गाडी तापवूनच न्या आणि तपासताना स्वतः उभे राहा.

आधी खात्री करा

नवीन पॅडला वास येतो हे खोटं नाही. पण तो दोन्ही बाजूंना सारखा येतो आणि पॅड बसले की जातो. एकाच चाकाला येणारा वास नव्या पॅडचा नसतो.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवा. ब्रेक शक्य तितका कमी वापरा आणि थांबताना वेग आपोआप उतरू द्या. मग चारही चाकांजवळ तळहात न्या. डिस्कला (पॅड जिला दाबून धरतात त्या लोखंडी चकतीला) बोट लावू नका, डिस्क लालभडक दिसत नसली तरी कातडी सोलवटून काढते. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन असेल तर उत्तम, मात्र कोविडच्या काळात कपाळावर धरायचो ती चालणार नाही. तिची मजल चाळीस-बेचाळीस अंशांपर्यंतच. हार्डवेअरच्या दुकानातली घ्या. आकडा किती आला याला फार महत्त्व नाही, डाव्या-उजव्यातला फरक बघा. एक डिस्क 70 अंशांवर आणि दुसरी 160 वर असेल तर आणखी पुरावा नको.

इतर खुणा म्हणजे ॲव्हरेज अचानक पडणं, स्टिअरिंग एका बाजूला ओढणं आणि हलक्या उतारावर न्यूट्रलमध्येही गाडी जागची न हलणं.

एकच चाक तापत असेल तर संशय त्या चाकावर. पुढची दोन्ही किंवा चारही तापत असतील तर दोष बहुधा पेडल, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) किंवा मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आहे. त्या वेळी चाकं खोलत बसणं म्हणजे वेळ फुकट.

वाटेतच तापलं तर

सपाट जागी बाजूला घ्या. पार्किंग लाइट लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि पेडलवरून पाय काढा. पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होते, कधी तडकतेही. अर्धा-पाऊण तास निवू द्या. धूर वाढत असेल तर सगळ्यांना उतरवून लांब उभं करा.

उतारावर पेडल मऊ लागून खाली जायला लागलं तर ब्रेक ऑइल उकळून लाइनमध्ये, म्हणजे ऑइलच्या नळीत, वाफ झाली आहे. एकेक गिअर खाली आणत इंजिनने गाडी धरा, पेडल भराभर मारा, हँडब्रेक हळूहळू ओढा. अशी वेळ एकदा आली की ती गाडी पुढे चालवायची नाही, टोइंग बोलवायचं.

गॅरेजमध्ये: चार पायऱ्यांत ढिलं करून बघणं

ही पद्धत जुन्या मेकॅनिकांना पाठ असते. क्रम वरून खाली, मास्टर सिलिंडरकडून चाकाकडे. ब्रेकची लाइन उघडण्याचं काम सवय नसेल तर मेकॅनिककडूनच करून घ्या, आपण फक्त बघायचं. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, स्टँडवर, जमिनीवरच्या चाकांना दगड, आणि चाक धरलेलं असतानाच सुरुवात. थंड झालं असेल तर आणखी एक चक्कर मारून या. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे करू नका. तिची ब्रेक यंत्रणा वेगळी असते.

1. मास्टर सिलिंडर बूस्टरवर ज्या दोन नटांवर बसतो ते थोडे ढिले करून सिलिंडर काही मिलीमीटर पुढे ओढा. चाक सुटलं तर दोष पेडल किंवा बूस्टरच्या रॉडच्या सेटिंगमध्ये. पेडल पूर्ण सुटलं की मास्टर सिलिंडरमधलं एक बारीक भोक उघडतं आणि दाब ब्रेक ऑइलच्या टाकीत परत जातो. रॉड जरासा जरी पुढे राहिला तरी ते भोक झाकलेलं राहतं. ब्रेक तापतो, आतलं ऑइल फुगतं, त्याला जायला वाट नाही. मग पॅड आणखी दाबले जातात आणि आणखी तापतात. "पेडल जरा वर घेऊन देतो" म्हणून कुणी रॉड किंवा ब्रेकलाइटचा स्विच फिरवला असेल तर हा घोळ हमखास होतो. पेडलला वरच्या टोकाशी बोटाने जाणवेल इतका प्ले (मोकळी हालचाल) हवाच.

2. तरीही धरलेलंच? मास्टर सिलिंडरवरून निघणारी लाइन किंचित ढिली करा, खाली फडकं धरून. चाक सुटलं तर मास्टर सिलिंडरच खराब.

3. नाही सुटलं तर कॅलिपरवरचं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्यावरचं) एअर काढायचं निप्पल उघडा. पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर रबरी होज आतून फुगलाय. बाहेरून तो ठणठणीत दिसतो. पायाच्या जोराने ऑइल आत ढकललं जातं, पण परत यायला जोर नसतो. पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत सोडला असेल किंवा होजला पीळ बसला असेल तरी हेच होतं.

4. निप्पल उघडूनही चाक धरलेलं असेल तर अडचण दाबाची नाही, कॅलिपरचे भागच अडकलेत. पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या), पिन किंवा कंसात (पॅड ज्यात बसतात त्या चौकटीत) ठोकून बसवलेले पॅड.

माझी गाडी चौथ्यावर अडकली. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. वरची पिन बोटाने निघाली. खालची निघेना, पान्याने हलवत हलवत काढावी लागली. तिच्यावरचं रबरी बूट, म्हणजे टोपण, भिजवलेल्या शेंगदाण्यासारखं फुगलं होतं आणि आत बेअरिंगला लावतात ते साधं ग्रीस थापलेलं. ब्रेकच्या रबराला खनिज तेल चालत नाही, ते फुगतं. तिथे सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच हवं, तेही पातळ हाताने.

कॅलिपर परत ओढायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी रबर दाबाने जरा वाकतं आणि सुटताना पिस्टनला मिलीमीटरच्या अंशाएवढं मागे नेतं, बस. एवढ्याशा ओढीवर सगळं अवलंबून असल्यामुळे गंजलेली पिन, जुनीच ठेवलेली क्लिप किंवा रंग न खरवडलेला कंस पुरेसा ठरतो. काही गाड्यांत एका पिनेला रबरी टोक असतं, ती अदलाबदल झाली तरी कॅलिपर तिरका धरतो.

मागे ड्रम असतील तर बहुतेक वेळा लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) जास्त कसलेले असतात, किंवा लायनर सेट करण्याआधीच हँडब्रेकची केबल ओढून घेतलेली असते. केबल पूर्ण सैल करून तपासा. मागे डिस्क असेल तर पिस्टन अनेकदा फिरवून आत न्यायचा असतो. क्लॅम्प लावून जबरदस्ती केली की आतला हँडब्रेक जातो.

"ब्रेक ऑइल" या शब्दाचा घोटाळा

नावात ऑइल असलं तरी ते तेल नाही. डॉट 3, डॉट 4 हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहेत. चुकून त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल पडलं तर मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतची रबरं फुगतात, आणि मग एक किट बदलून भागत नाही. टाकीचं झाकण उघडून त्याचं रबर बघा. ते फुगून लडबडलेलं असेल तर तेलच गेलंय.

हा द्रव हवेतलं पाणीही शोषतो. डॉट 3 कोरडं असताना किमान 205 अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही हद्द 140 पर्यंत खाली येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. कोकणातल्या पावसात दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये असं माझं मत आहे. ब्रेक एकदा भाजून निघाला असेल तर वाट न बघता बदला. बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.

दुरुस्तीनंतर

भाजलेले पॅड काचेसारखे चकचकीत होतात, पॉलिश पेपर मारून परत घालायचे नाहीत. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. डिस्क निळी पडली असेल तर ती तपासून घ्या. किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, त्याखाली गेली की बाद. व्हीलबेअरिंगचं ग्रीस वितळून बाहेर आलंय का तेही बघून घ्या. सगळं बसवून एअर काढल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत मारा. हे विसरून गेटला धडकलेले लोक मला माहीत आहेत. मग पुन्हा तीच पंधरा किलोमीटरची चक्कर आणि तीच डाव्या-उजव्याची तुलना. चाक हाताने फिरवताना पॅडचा हलका खरखर आवाज आला तर चालतं.

माझ्या गॅरेजवाल्याने फुगलेलं बूट आणि डबीतलं नवं बूट शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. जुनं जवळपास दीडपट झालं होतं. काही न बोलता त्याने जॅक उचलला आणि उजव्या चाकाकडे गेला.